उडदामेथीचे कब्जेदार

दिनांक सात जुलै दोन हजार चौदा रोजी, सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास असे निदर्शनास आले की, सौ. देवकी भिकाजी गावस यांच्या ब्लॉगच्या तळाशी काहीही लिहिलेले नाही. वर बांगड्यांची उडदामेथी, म्हणजे उडीद-मेथीच्या वाटणातलं माशांचं कालवण, होती, मध्ये मुगागाठी होत्या, त्यांच्याखाली बिकण्यांची, म्हणजे फणसाच्या आठळ्यांची, भाजी होती आणि त्याखाली नुसता पांढरा पडदा होता. हा पडदा गेली दोन वर्षे तसाच होता आणि त्यामुळे कुणाचंही काही अडलं नव्हतं.

निदर्शनास आणणारी व्यक्ती म्हणजे देवकीची मुलगी संजना. ती पणजीला नोकरीला. तिचा फोन आला तेव्हा देवकी पेडण्याच्या बाजारातून आणलेली अळूची पानं पुसत बसली होती. संजनाने सांगितलं ते असं की, मांद्र्याच्या समुद्रकाठच्या एका गेस्टहाऊसने आपल्या वेबसाइटवर देवकीची उडदामेथी जशीच्या तशी उचलून ठेवली आहे. नुसतं साहित्य आणि कृती नेली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी तिचं ते वाक्यसुद्धा नेलं होतं: 'मीठ घालताना सासूकडे बघावे. सासू बघत असली तर बेताने घालावे, बघत नसली तर चवीपुरते.' फोटोही तोच. फोटोच्या कोपऱ्यात नवऱ्याचं, भिकाजींचं, कोपर आलं होतं, तेही त्यांनी सोडलं नव्हतं.

देवकीला राग आला. आधी तो मिठाच्या वाक्यावरून आला, कोपराचा नंतर. ते वाक्य तिला सुचलं तेव्हा ती एकटीच हसली होती आणि लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करायला तिला अर्धा तास लागला होता. तीस वर्षं त्या घरात ती बोलली ते 'जेवायला वाढू?' आणि 'गॅस संपला' एवढंच. संजना नोकरीला गेली, जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली. सोमवारी घरात निस्त्याक, म्हणजे मासळी, नसतं, त्यामुळे चूल लवकर आटपते. त्या रिकाम्या सोमवारांत देवकी लिहायला लागली आणि बघता बघता तिला बेचाळीस वाचक मिळाले. बेचाळीस माणसं तिचं ऐकत होती, आणि त्यांतलं एकही घरातलं नव्हतं.

त्यांत एक साक्षी. डिचोलीची मुलगी, लग्न होऊन मस्कतला गेलेली. गेल्या साली तिची आई वारली. तिने लिहिलं होतं, मावशी, आई चवथीला मिसळ भाज्यांचं खतखतं करायची, मी कधी विचारून घेतलं नाही, तुम्ही लिहाल का? देवकीने कळवलं होतं की चवथीच्या आधी नक्की लिहिते. घराबाहेरच्या कुणाला तिने दिलेला हा आयुष्यातला पहिलाच शब्द होता, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, एकोणतीस ऑगस्टला होती.

"आई, घाबरू नको," संजना म्हणाली. "खाली एक ओळ घालायची. गोलातला सी, वर्ष, तुझं नाव, सर्व हक्क राखीव. म्हणजे निदान पुढचा माणूस दहा वेळा विचार करील. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. रविवारी येते, घालून देते."

हे सगळं अर्ध्या मिनिटात आटपलंही असतं. पण संजनाचा फोन स्पीकरवर होता, आणि बाहेर सोप्यावर भिकाजी बसले होते.

आता भिकाजी गावस कोण, हे सांगायला हवं. सरकारी कचेरीत जमिनीच्या नोंदी ठेवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. गोव्यात जमिनीचा जो उतारा निघतो त्याला एक-चौदा म्हणतात. त्यात कब्जेदाराचा रकाना, कुळाचा रकाना, आणि उरलेल्या जगासाठी 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. भिकाजींना माणूस भेटला की त्याचा चेहरा दिसायच्या आधी रकाना दिसे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सवय जात नव्हती. घरच्या फणसालासुद्धा त्यांनी सर्व्हे नंबर घालून ठेवला होता. त्यांच्या कानांवर 'सर्व हक्क' हे दोन शब्द पडले आणि ते पेपराची घडी घालून आत आले.

"सर्व हक्क म्हणजे कोणाकोणाचे?" त्यांनी विचारलं. "आणि उतारो खंय आसा?"

देवकीने सांगितलं की उतारा वगैरे काही नसतो, आपण लिहिलं म्हणून आपलं नाव. भिकाजींना तिची कीव आली. नाव असं कुठेही घालता येत नाही, ते चढावं लागतं, हे त्यांनी तिला शांतपणे समजावलं. आणि समजा उद्या कुणी हरकत घेतली तर? पहिली गोष्ट म्हणजे गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोचं सगळं अर्धं अर्धं. बायकोच्या नावावर एकटीचं असं काही असूच शकत नाही, तसंच नवऱ्याच्याही. तेव्हा ओळीत पतीचं नाव आलंच पाहिजे. शिवाय कोपर त्यांचं होतं.

देवकीच्या मनात आलं, तीस वर्षांत या माणसाने चुलीकडे फिरकून पाहिलं ते फक्त काडेपेटी न्यायला. पण तिने नाव घालू दिलं, कारण ओळ छोटी होती आणि नवराही एकच होता. पहिला मसुदा संध्याकाळपर्यंत तयार झाला: '© २०१४ सौ. देवकी भिकाजी गावस व त्यांचे पती श्री. भिकाजी गावस. सर्व हक्क राखीव.' संजनाने फोनवर ऐकून सांगितलं, ठीक आहे बाबा, रविवारी घालते.

रविवार उजाडायच्या आत दोन अडचणी निघाल्या. एक वर्षाची. भिकाजींनी सहज विचारलं की ही उडदामेथी नक्की कधीपासूनची? देवकीने खरं ते सांगून टाकलं, आणि इथेच तिचं चुकलं. ती म्हणाली, सासूबाईंकडून शिकले. सासूबाई पार्वती या घरात लग्न होऊन आल्या त्या एकोणीसशे बावन्न साली, म्हणजे राज्य पोर्तुगीजांचं होतं तेव्हा. झालं. वर्ष दोन हजार चौदा घालणं म्हणजे खोटी नोंद करणं, असं भिकाजींनी ठरवलं आणि आकडा '१९५२ ते २०१४' असा दुरुस्त केला. मुक्तीच्या आधीचा हक्क असल्यामुळे त्याला त्या काळचा काही कागद लागणार होता. पार्वतीबाईंना सही करता येत नव्हती आणि त्या मेथी घालायच्या ती चिमटीने. भिकाजींनी समासात नोंद केली: 'दस्त अनुपलब्ध, शोध चालू.'

दुसरी अडचण मोठी होती. पार्वतीबाई अठ्ठ्याण्णव साली वारल्या, आणि त्यांच्या मागे वाटण्या झालेल्या नाहीत. म्हणजे उडदामेथी ही मयताची अविभक्त मालमत्ता. वारस तीन: भिकाजी, धाकटा भाऊ बाबली आणि बहीण विमल, जी कारापूरला दिली आहे. गोव्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच, आणि प्रत्येक वारसाच्या मागे त्याचा जोडीदार. देवकीचं नाव आता मालकांच्या यादीत राहिलं नव्हतं. ते दुसऱ्या ओळीत, 'भिकाजी यांची पत्नी' म्हणून आलं होतं.

"पण लिवलां कोणी?" देवकी म्हणाली.

"लिवणारो तो कारकून," भिकाजी म्हणाले. "मी एकतीस वर्षां लिवलां. एक गुंठो तरी माज्या नावार आसा?"

 माणूस खोटं बोलत नव्हता.

बाबलीला बोलावणं गेलं. तो शेजारच्या वाड्यावर राहतो, काजूच्या बागेत रमलेला, निरुपद्रवी माणूस. ब्लॉग म्हणजे काय हे त्याने दोनदा विचारून घेतलं, आणि आपला वाटा आहे म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारलं नाही. उडदामेथीवर आपला दावा नाही, पण सोडूनही देणार नाही, असं म्हणून तो चहा पिऊन गेला. विमल मात्र दुसऱ्याच दिवशी साखळी, डिचोली, म्हापसा अशा तीन बस बदलून हजर झाली. हातात पोह्यांची पिशवी होती आणि तोंडात हरकत.

"वयनी, बारा दाणे मेथी तुका कोणी सांगलां?" तिने उंबऱ्यावरच विचारलं. "आई मेथी मोजी नाय. चिमटीन घाली."

देवकीने सांगितलं की चिमूट वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून तिने सासूची चिमूट सात वेळा मोजून पाहिली होती आणि बहुतेक वेळा ती बारा भरली होती. तेरावा दाणा पडला की कडवट होते, असंही तिने लिहिलं होतं. विमलला हे पटलं नाही. शिवाय सासूकडे बघावे म्हणजे काय? ती सासू म्हणजे आमची आई. आमच्या आईकडे बघायला परवानगी घेतली होती का? विमल हे म्हणताना रडली, आणि तिचं रडणं खरं होतं. देवकीलाही वाईट वाटलं. दोघी मिळून पार्वतीबाईंच्या आठवणी काढत राहिल्या, दुपारी एका पानात जेवल्या, आणि जाताना विमलने मसुद्यात एक ओळ घालून घेतली: 'मेथीच्या प्रमाणाबाबत श्रीमती पार्वती यांच्या कन्येची हरकत राखून.'

संजना रविवारी आली तेव्हा मसुदा नऊ ओळींचा झाला होता. तिने तो वाचून, घडी घालून वडिलांच्या हातात परत दिला. मग म्हणाली, बाबा, लोक एक ओळ घालतात. भिकाजी म्हणाले, लोकांची टायटलं क्लिअर नसतात, म्हणूनच दिवाणी कोर्टं भरलेली आहेत. तिने सोमवारपर्यंत थांबून पाहिलं, मग तिची रजा संपली.

त्याच सोमवारी देवकी खतखतं लिहायला बसली. सात भाज्यांची नावं टाइप झाली होती तोच भिकाजींनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. वादग्रस्त जागेत नवीन बांधकाम करता येत नाही, हे त्यांनी तिला सांगितलं. जैसे थे. हक्क निश्चित होईपर्यंत ब्लॉगवर अक्षरही वाढवायचं नाही, नाहीतर उद्या तेही वाटणीत जाईल. हे ते तिच्या भल्यासाठीच सांगत होते, आणि त्यांना तसं मनापासून वाटतही होतं. देवकीने साक्षीला कळवलं, थोडं थांब गे, घरात काम निघालंय. साक्षीचं लगेच उत्तर आलं, मावशी, सावकाश, चवथीला अजून वेळ आहे.

आता मसुदा म्हटला की हरकती मागवाव्या लागतात. भिकाजींनी तीस दिवसांची मुदत दिली आणि मसुद्याच्या पाच प्रती काढल्या. एक ब्लॉगवर लावायला संजनाला पाठवली, एक पंचायतीच्या फलकावर, एक देवळाच्या खांबावर, एक बसथांब्यावर. पाचवी जागेवर चिकटवायचा नियम असल्यामुळे स्वयंपाकघराच्या दारावर लागली. ब्लॉगला दोन वर्षांत बेचाळीस वाचक मिळाले होते. नोटिशीला दोन दिवसांत सगळा गाव मिळाला.

पहिली आली ती शेजारीण रुक्मिणी. ती गावसांच्या जागेत घर करून राहणारी, म्हणजे मुंडकार. तिला उठवता येत नाही आणि तीही कधी उठायचं नाव काढत नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. पार्वतीबाईंचा मसाला कायम तिच्या सासूने वाटला. "पाट्यार हात आमच्या सासयेचे मोडले. तुमी निसती फोडणी दिल्यात," ती म्हणाली. भिकाजींच्या डोळ्यांत चमक आली. कसणाऱ्याची जमीन, तर वाटणाऱ्याचा मसाला. कुळाचा रकाना कधीपासून रिकामा पडला होता, तो भरला. रुक्मिणी समाधानाने गेली आणि जाताना थोडी कढीपत्त्याची पानंही तोडून घेऊन गेली, कारण आता तिला तो अधिकार होता.

दोन निवृत्त शिक्षक आले. दोघे रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसणारे, पण एकाचं म्हणणं पडलं की हक्क मराठीत राखावा, दुसऱ्याचं की राजभाषा कोंकणी आहे तेव्हा कोंकणीत राखावा. राजभाषेचा कायदा झाला त्या सत्त्याऐंशी सालापासून दोघांनी हा वाद सांभाळून ठेवला होता आणि त्याला नवी जागा मिळाल्याचा दोघांनाही आनंद झाला. शेवटी हक्क दोन्ही भाषांत राखायचं ठरलं. कुठली आधी, यावर दोघे तीन संध्याकाळी आले आणि देवकीने तिन्ही वेळा चहा केला.

चहा करता करता तिच्या लक्षात यायला लागलं की गेल्या महिन्यात या घरात तिच्या लेखनावर जितकी माणसं बोलली तितकी आयुष्यात बोलली नव्हती. आणि एक विमल सोडली तर त्यांतल्या कुणीही ते वाचलं नव्हतं.

संजनाच्या आग्रहावरून भिकाजी एकदा म्हापशाला वकिलाकडे जाऊन आले. देवकीही बरोबर गेली. वकील वर्षा नावाची तरुण मुलगी होती. तिने नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे लिहिलं कुणी?" तिने विचारलं.

"मी," देवकी म्हणाली.

"मग हक्क तुमचा. लिहिलं त्या क्षणी तुमचा झाला. खालची ओळ नसती तरी तुमचाच. ओळ म्हणजे दारावरची पाटी. पाटी नसली म्हणून घर दुसऱ्याचं होत नाही."

"आणि उडदामेथी?" भिकाजींनी विचारलं.

"उडदामेथी कुणाचीच नसते, काका. पदार्थावर हक्क नाही. शब्दांवर आहे, आणि शब्द मावशींचे आहेत. गेस्टहाऊसला दोन ओळींचं पत्र पाठवूया, काढून टाकतील."

देवकीला त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं. भिकाजी मात्र परतीच्या बसमध्ये गंभीर होते. जी बाई स्टॅम्पपेपरसुद्धा मागत नाही तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हा एक प्रश्न. पण एक मुद्दा तिने मोलाचा सांगितला होता, असं ते म्हणाले. उडदामेथी कुणाचीच नाही. कोलवाळचा पूल येईपर्यंत त्यांनी यावर विचार केला आणि मग निष्कर्ष सांगितला: जे कुणाचंच नसतं ते देवाचं असतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हेच पाहिलं होतं. म्हणजे देवस्थानाला पक्षकार करणं भाग होतं. पत्राचं नंतर बघू.

देवस्थानाच्या महाजनांची बैठक बसली. त्यांनी ठरावाने 'इतर हक्क' हा रकाना मान्य केला आणि कामाला यश यावं म्हणून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे विहीर खणायची असो की पोराची मुलाखत असो, देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. सोमवारी सगळे देवळात जमले. गुरवाने नारळ ठेवला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"देवा महाराजा, ह्या गावसाच्या घराण्यातल्या उडदामेथीर कोणी परक्यान वाकडो हात घातलो आसात, तर तो हात जागच्या जाग्यार थांबव."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"जो कोण विचारल्याशिवाय उतरून घेयत, तेका खाली नाव घालूची बुद्धी दी."

"व्हय महाराजा."

देवकीनेही सगळ्यांबरोबर हात जोडून 'व्हय महाराजा' म्हटलं. सगळ्या प्रकरणात एवढंच वाक्य तिला पटण्यासारखं होतं. पण गाऱ्हाण्यातही तिचं नाव आलं नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अंतिम नोटीस तयार झाली. संजनाने हात जोडले, समजावलं, एकदा फोनही आपटला, पण शेवटी वडिलांच्या समाधानासाठी ती ब्लॉगवर लावली. आता ती तळाशी मावत नव्हती, म्हणून वर गेली. सुरुवातीला १९५२ ते २०१४ हा कालावधी. मग मूळ कब्जेदार कै. पार्वती, मग वारस, जोडीदारांसह, मग कूळ रुक्मिणी, तिच्या सासूच्या वतीने, मग देवस्थान, मग विमलची मेथी, मग भिकाजींच्या कोपराचा स्वतंत्र हक्क, मग हे सगळं दुसऱ्या भाषेत. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, 'लेखनिक: दे. भि. गावस.' भिकाजींनी छापील प्रत दोन वेळा वाचली, एक स्वल्पविराम सुधारला आणि कृतार्थ होऊन झोपाळ्यावर बसले.

चार दिवसांनी साक्षीचं पत्र आलं. तिने फार सांभाळून लिहिलं होतं. मावशी, तुमचा ब्लॉग उघडला, पण मोबाइलवर नुसती नावंच येत राहिली. मी खूप खाली गेले, मग मुलगा रडायला लागला. रागवू नका, उडदामेथी मी मांद्र्याच्या एका साइटवर वाचून केली. तिथे लगेच मिळते, आणि मिठाचं ते वाक्य वाचून मी आणि नवरा खूप हसलो. कोण लिहितं माहीत नाही, पण अगदी तुमच्यासारखंच लिहितात. त्यांच्याकडे खतखतं मात्र नाही.

देवकीने ते पत्र दोनदा वाचलं. मग भिकाजींना हाक मारली आणि मांद्र्याच्या गेस्टहाऊसचं पान उघडून दाखवलं. उडदामेथी होती. सासू होती, मीठ होतं, कोपर होतं. आणि तळाशी, मधोमध, नीटस अक्षरांत एक ओळ होती. गोलातला सी, वर्ष, गेस्टहाऊसचं नाव, सर्व हक्क राखीव.

भिकाजींनी चष्मा वर करून ती ओळ बोट ठेवून वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल अशी देवकीची अपेक्षा होती. राग आला नाही. जे आलं त्याला आदर म्हणतात.

"बघ," ते म्हणाले. "एक मालक. एक वर्स. कूळ नाय, मुंडकार नाय, हरकत नाय. हेका म्हणतत क्लिअर टायटल."

 तीस वर्षांच्या संसारात देवकीला पहिल्यांदाच या माणसाची भीती वाटली. थोडं हसूही आलं. तिने लॅपटॉप उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि नोटीस चिकटवलेलं दार आतून लावून घेतलं. मग एका बोटाने साक्षीला पत्र लिहायला बसली. जैसे थेचा हुकूम ब्लॉगला होता, पत्राला नव्हता.

तिने खतखतं लिहिलं. सुरण, कारांदे, कणगी हे कंद, कच्ची केळी, शेंग, मक्याचं कणीस, भेंडी. 'सात भाज्या लिहिते, आठवी घरात जी उरली असेल ती. मीठ घालताना कुणाकडे बघायचं ते तू वाचलंच आहेस.' पुढे तेफळांचं, म्हणजे तिखट तिरफळांचं, लिहिलं, 'तेफळं मोजून घालावीत आणि वाढताना मोजून काढावीत. एक कमी भरलं तर ते नवऱ्याच्या पानात गेलं असं समजावं आणि गप्प बसावं.' लिहिताना ती पुन्हा एकटीच हसली. जवळजवळ दोन महिन्यांनी हसली. खाली गोल नाही, सी नाही, वर्ष नाही. फक्त 'तुझी देवकीमावशी' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

साक्षीने चवथीची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी खतखतं करून पाहिलं. फोटो पाठवला, सोबत लिहिलं की घरात आईचा वास आला. तिने ते पत्र आपल्या तीन मैत्रिणींना पाठवलं. त्यांनी किती जणींना पाठवलं हे कुणालाच माहीत नाही.

चवथीच्या दिवशी गावसांच्या घरी गणपतीवर फळाभाज्यांची माटोळी बांधून झाली, गणपती बसला, आरती झाली, आणि पानं मांडेपर्यंत सगळे सोप्यावर फोन काढून बसले. विमल कारापूरहून आली होती. रुक्मिणी कुळाच्या हक्काने स्वयंपाकघरात लुडबुडत होती. बाबलीने आपल्या नव्या फोनवर आलेलं काहीतरी मोठ्याने वाचायला घेतलं. तेफळं मोजून घालावीत आणि वाढताना मोजून काढावीत. सगळे हसले. विमल म्हणाली, ह्या माका कालच इलां, मी आमच्या महिला मंडळाक धाडलां. रुक्मिणीला मुलाने दाखवलं होतं. भिकाजींनी तर सकाळीच आपल्या पेन्शनरांच्या ग्रुपवर टाकून दिलं होतं, आणि एकोणीस अंगठे आले होते.

देवकी खतखत्याचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिने बाबलीच्या हातातला फोन बघितला. खतखतं पहिल्या अक्षरापासून होतं. शेवटची ओळ तेवढी नव्हती. 'देवकीमावशी' वाटेत कुठेतरी गळून पडली होती. विमलच्या फोनवर तिच्या जागी 'सौ. विमल, कारापूर' होतं.

"ह्या कोणी लिवलां, ता बघलात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"फॉरवर्ड आसा गो," भिकाजी म्हणाले. "तेका कसलो मालक?"

 देवकीने पानं वाढली. तेफळं मोजून काढताना एक कमी भरलं, तेव्हा ती गप्प बसली. थोड्या वेळाने भिकाजींना जोराचा ठसका लागला आणि विमलने त्यांच्या पाठीवर थोपटलं.

ते खतखतं अजून फिरतंय. तुमच्याही फोनवर आलं असेल, गेल्या चवथीला किंवा त्याच्या आदल्या. वाचून हसला असाल, बहिणीला पाठवलं असेल, कदाचित करूनही पाहिलं असेल. खाली कुणाचं नाव होतं का, आठवून बघा. नव्हतं ना? आणि नाही म्हणून तुमचं काही अडलंही नाही. बरं, मग एवढंच सांगा: मीठ घालताना तुम्ही कुणाकडे बघितलंत?